गावाला जायची परवानगी

माझ्या खिडकीवर लोक दुखण्याबद्दल फारसं विचारत नाहीत. विचारायची भीती वाटते, आणि ही मुलगी काही सांगणार नाही हेही त्यांना दोन-चार दिवसांत कळून चुकतं. ते विचारतात, "मिस, चार दिवस गावाला जाऊन येऊ का?"

मिस म्हणजे मी. अंधेरीच्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, शेक देण्याच्या विभागात, मी गेली पाच वर्षं कारकून आहे. "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, वाचकांना नवीन वाटेल," असं संपादकांनी कळवलं आहे. गमती आहेत. एक-दोन सांगते. पण त्यांच्या पाठोपाठ जी गंमत नाही तीही येते, आणि ती वगळून लिहिणं मला जमेना.

शेक म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. छातीचा फोटो काढतात त्याच जातीचे किरण, पण कितीतरी जोरदार. ते गाठीवर रोज थोडे थोडे सोडायचे. एकदम सोडले तर कातडी जळते, आणि मध्ये खाडे केले तर तेवढ्या दिवसांत गाठ पुन्हा जोर धरते. म्हणून रविवार सोडून रोज, पाच-सहा आठवडे. किरण नेमके त्याच जागी पडावेत यासाठी कातडीवर जांभळ्या शाईने चौकोन आखतात. तो पुसू द्यायचा नाही. त्या जागेला पाणी नाही, साबण नाही, तेल नाही. यंत्र सुरू झालं की खोलीत पेशंट एकटाच. शिशाचा पत्रा मारलेल्या दारामागून नुसती घरघर ऐकू येते आणि बाहेर बाकावर बाकीचे आपापल्या नंबराची वाट बघत बसतात.

माझं काम कार्डांचं. प्रत्येकाचं एक पिवळं कार्ड, एक शेक झाला की त्यावर एक तारीख. नंबर पुकारायचे, न येणाऱ्यांना पोस्टकार्डं पाठवायची, आणि मोठे डॉक्टर जे इंग्रजीत बोलतील ते मराठीत सांगायचं. डॉक्टर मद्रासकडचे. पंधरा वर्षं मुंबईत काढून त्यांना मराठीतलं 'बसा' आणि 'उद्या' एवढंच येतं.

या कामाला मला घेतलं ते माझ्या इंग्रजीवर. मराठीची परीक्षा कोणी घेतली नाही. मी मरोळजवळच्या एका जुन्या ख्रिस्ती वाडीतली. घरी आमची बोली, शाळेत नन्सचं इंग्रजी. आमच्या बोलीला शाळेत हसत आणि माझ्या इंग्रजीला घरी, तेव्हा मी कमीत कमी बोलायची सवय लावून घेतली. आता जे लिहिते आहे ते मराठी मी या खिडकीत बसून, वर्तमानपत्रं वाचून आणि लोकांचं ऐकून शिकले. सुरुवातीला तर दोन शब्दांत भागत असेल तिथे तिसरा बोलत नसे.

विभागाचा एक नियम होता आणि आहे. रोगाचं नाव खिडकीवर उच्चारायचं नाही. 'गाठ' म्हणायचं, 'आतली जखम' म्हणायचं. पेशंटला किती आशा आहे हे फक्त घरच्या कर्त्या माणसाला, तेही डॉक्टरांना वाटलं तरच.

गावाला जायची परवानगी मागितली की मी कार्ड डॉक्टरांपुढे ठेवते. ते तांबड्या पेन्सिलीने कोपऱ्यात लिहितात, जाऊ द्या किंवा जाऊ देऊ नका. यात काही पद्धत आहे हे कळायला मला जवळपास वर्ष लागलं.

मुलुंडचे एक शेठ होते. कापडाचे व्यापारी, बोलायला मोकळे. ते आले की बाकावरची माणसं सरकून जागा करत. त्यांना द्वारकेला जायचं होतं. डॉक्टरांनी त्यांचा नवा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. हवं तिथे जाऊ द्या." मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेठ पेढे घेऊन हजर.

"घ्या मिस, तोंड गोड करा! पास झालो!"

बाकावर प्रत्येकाला दोन, मला चार. एका म्हातारीने पेढा कपाळाला लावून मग तोंडात टाकला. शेठ द्वारकेला गेले. त्यांचं कार्ड मी सहा महिने पेटीत ठेवलं, मग बंद झालेल्या कार्डांच्या कपाटात हलवलं.

त्याच सुमाराला जोगेश्वरीच्या एक शिक्षिका येत. धाकट्या बहिणीचं लग्न नाशिकला होतं आणि डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. बाई माझ्यावर उखडल्या. "तुमच्या छातीत काळीज आहे की सिमेंटची गोणी? सख्ख्या बहिणीचं लग्न आहे माझ्या!" लग्न त्यांच्याशिवाय झालं. शेक पुरे झाले. त्या अजूनही दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायला येतात, तब्येत सुधारली आहे, पुन्हा शाळेत जातात. माझ्याकडे मात्र बघत नाहीत.

म्हणजे ज्यांच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नाही त्यांना सोडायचं, आणि ज्यांना वाचवता येईल त्यांना अडवायचं. पण बाकावर बसणाऱ्यांनी आपल्या मनाशी हिशेब केला होता तो अगदी उलट. सोडलं तो बरा झाला, अडवलं त्याचं काही खरं नाही. हे मला रोज ऐकू येई. आणि तुमचं चुकतंय असं सांगायची सोय नव्हती, कारण अडवलेल्यांना खरं कारण सांगावं तर सोडलेल्यांनाही त्यांचं कारण कळलं असतं. दोघंही एकाच बाकावर बसलेले.

शेवंताबाई आल्या त्या तीन वर्षांपूर्वी, माघात. वय चाळिशीच्या आतबाहेर. छातीचं ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं, आमच्याकडे तीस शेक घ्यायचे होते. राहायला घाटकोपरला चाळीत, मूळ गाव जयगडच्या खाडीवर. यजमान दत्ताराम साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करत. मूलबाळ नव्हतं. बाई एकट्या बसने येत आणि आल्या आल्या बाकावर गप्पांना सुरुवात करत. पहिल्या दिवशी चौकोन आखून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "माझ्या अंगावर सरकारनं प्लॉट पाडलान, मिस. आता घर कधी बांधणार ते विचारा."

मी हसले, तर म्हणाल्या, "अगो बाय, हसता येतं तुम्हांला!"

सोळा शेक झाले आणि शिमगा जवळ आला. कोकणात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते. घरातली बाई अंगणात उभी राहून देवीची ओटी भरते, तांदूळ, नारळ, खण. शेवंताबाईंच्या घरी ही ओटी मोठ्या जाऊबाई भरत असत. त्या आदल्या पावसाळ्यात वारल्या. दीर विधुर, सून नाही, लेक नाही.

"वैनी गेल्या," शेवंताबाई बाकावर शेजारणीला सांगत होत्या. "आता घरात बाईमाणूस मीच. पालखी दारात येणार नि ओटी भरायला कोण नाय, असं आमच्या घरात आजवर झालेलं नाय."

"मग जाऊन ये की. आठ दिवसांनी काय होतंय?"

"सोडतील तर ना. त्या शेठला सोडलं, मला बघू."

मी कार्ड डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी ते नीट वाचलं, जे ते नेहमी करत नसत. मग म्हणाले, "मुळीच नाही. हिची जखम चांगली भरते आहे, काखेत काही लागत नाही. इथे येणाऱ्या दहांतल्या ज्या एक-दोघांबद्दल मी खात्रीने बोलेन, त्यांतली ही आहे. चौदा राहिलेत. ते एका दमात झाले पाहिजेत. नवऱ्याला बोलावून नीट समजावून सांगा."

शनिवारी अर्धा दिवस असल्यामुळे दत्ताराम दुपारी स्वतः आले. बोटांच्या पेरांत लेथचं काळं तेल, टोपी काढून हातात धरलेली. खिडकीशी आठ-दहा माणसं होती.

"बाई, आमच्या मंडळींच्या रजेचं काय झालं?"

"डॉक्टर नको म्हणतात."

"आठच दिवस. देवीचं आहे म्हणून."

"नको म्हणतात. खंड पडता कामा नये."

"पडला तर?"

इथे मी बोलायला हवं होतं. डॉक्टरांची वाक्यं डोक्यात इंग्रजीत जशीच्या तशी तयार होती. पण मराठीत 'आशा आहे' म्हटलं की कशाची, कशातून, हे आलंच. शिवाय दत्तारामांच्या मागे एक बाई उभी होती. तिच्या नवऱ्याला आम्ही त्याच आठवड्यात गावाला सोडलं होतं, आणि ती कान देऊन ऐकत होती. हे झालं एक कारण. दुसरं कारण इतकं साधं आहे की लिहायची लाज वाटते. एवढं लांबलचक मराठी इतक्या माणसांसमोर बोलले तर कुठेतरी आमच्या बोलीतला शब्द येईल आणि कोणीतरी हसेल, असं मला वाटलं.

"ते डॉक्टरांना माहीत," मी म्हटलं.

दत्ताराम खिडकीच्या फळीवर ओणवले. आवाज खाली आणून म्हणाले, "प्रवासात काही बरंवाईट होईल, असं आहे का?"

मी मान खाली घालून कार्डाकडे पाहत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "कळलं."

मला सुटल्यासारखं झालं. कळलं म्हणाले म्हणजे कळलं. मी पुढचा नंबर पुकारला.

सोमवारी शेवंताबाई आल्या नाहीत. मंगळवारी नाहीत. मी चाळीच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं. शनिवारपर्यंत वाट पाहिली आणि रविवारी चर्चमधल्या मासनंतर, कोणाला न सांगता, घाटकोपरला गेले. अशी मी कोणाच्या घरी कधी गेले नव्हते. खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"दत्ताराम? ती दोघं बोटीनं गावाला गेली, गेल्या रविवारीच."

"डॉक्टर नको म्हणाले होते."

"म्हणून तर गेली. डॉक्टरनी हात टेकले ना? प्रवाससुद्धा झेपायचा नाही म्हणाले म्हणे. दत्ताराम शनिवारी आला तो इथंच, या पायरीवर बसला. रडला हो. म्हणाला, इथं खोलीत मरण्यापेक्षा देवीचं तोंड तरी बघू दे तिला." मग तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण गं? झालं का काय तिचं?"

मी नाही म्हटलं आणि गावचा पत्ता मागून घेतला.

गावच्या पत्त्यावरचं कार्ड मी चारदा लिहून फाडलं. शेवटी लिहिलं, 'शेक अर्धे राहिले आहेत. ताबडतोब परत यावे. घाबरण्याचे कारण नाही.' घाबरण्याचं कारण नाही असं लोक केव्हा लिहितात, हे मला टपालपेटीत कार्ड पडल्यावर आठवलं. डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं की पेशंट न विचारता गेली. ते म्हणाले, "तुम्ही समजावलं होतंत ना?" मी हो म्हटलं.

तेवीस दिवसांनी दोघं आली. माझं कार्ड त्यांना मिळालं होतं, पण पालखी त्यांच्या वाडीत यायला चार दिवस होते. एवढं येऊन चार दिवसांसाठी कोण परत फिरणार? मग कातडी चिघळली, ताप आला, बोट चुकली. शेवंताबाई वाळल्या होत्या पण चेहरा प्रसन्न होता. आत टेक्निशियनने पदर बाजूला करायला सांगितला आणि तो ओरडलाच. चौकोन नव्हता. शाईचा ठिपकाही नव्हता.

"कोणी धुतलं हे? सांगितलं होतं ना पाणी लावू नका म्हणून?"

"तुमचं ऐकून महिनाभर तेवढा भाग कोरडा ठेवला हो," शेवंताबाई म्हणाल्या. "पण देवी दारात आल्यावर अशी पारोशी बाई ओटी भरील काय? डोक्यावरून न्हाले चांगली, शिकेकाई लावून. झोंबलं, पण सोसलं."

डॉक्टरांनी पुन्हा चौकोन आखायला सांगितलं नाही. त्यांनी गळ्याच्या हाडाच्या वर बोटं दाबून पाहिली, एका बाजूला, मग दुसऱ्या. फोटो काढायला पाठवलं. दोन दिवसांनी फोटो उजेडासमोर धरून ते बराच वेळ उभे राहिले. मी शेजारी उभी होते.

"सांगा त्यांना, आता शेकाची गरज नाही. गावाला जायचं असेल तर जाऊ द्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेक पुरे झाले असते तरी कदाचित हेच झालं असतं. ते कोणालाच सांगता येणार नाही." हे शेवटचं भाषांतरासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. त्याचा उपयोग झाला नाही.

मी बाहेर येऊन निरोप सांगितला. शेवंताबाईंनी हात जोडून कपाळाला लावले.

"बघा! मी म्हणत नव्हते? देवी उगाच का दारात आली?" मग त्या थांबल्या. "पण मिस, एक समजत नाय मला. तेव्हा मी चांगली टुकटुकीत होते, तर अडवलंत. आता दारापासून इथवर येताना धाप लागते, तर म्हणता जा. हे असं कसं?"

मी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. दत्ताराम माझ्याकडे बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"शेवंते, तू बस जरा बाकावर," ते म्हणाले. "मी रजेची चिठ्ठी घेऊन येतो."

ते खिडकीशी आले. दुपार झाली होती, रांग नव्हती.

"तिनं विचारलं तेच मीही विचारतो. नको का म्हणाले होते?"

मी सांगितलं. ज्याला आशा असते त्यालाच अडवतात. तिला आशा होती, डॉक्टर खात्रीने म्हणाले होते. भात अर्धा शिजल्यावर चुलीवरून उतरवला तर मागाहून कितीही आच लावा, दाणा कच्चाच राहतो, तसं हे शेकाचं आहे. आता आशा नाही, म्हणून जा म्हणतात. पाच-सहा वाक्यं झाली असतील. एकही शब्द अडला नाही.

दत्तारामांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडतील असं वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे त्या शनिवारी सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तर मी तिला खोलीत कोंडून ठेवली असती. देवीला मी काय सांगायचं ते सांगितलं असतं." फळीवर टेकलेल्या आपल्या हातांकडे ते बघत राहिले. "आणि न्हाताना तिचा हात वर जात नव्हता. पाणी मीच घातलं. तिथं नको लावू म्हणाली होती, मीच म्हटलं, आता काय फरक पडतोय."

मी चिठ्ठ्यांची वही पुढे ओढली.

"तिला यातलं काही कळता कामा नये," ते म्हणाले. "चिठ्ठी द्या."

मी लिहायला घेतली तोवर शेवंताबाई कंटाळून उठून आल्या. "काय हो, चिठ्ठी लिहिताय का पोथी?"

"मिस पालखीचं विचारत होत्या," दत्ताराम म्हणाले.

"मग मला बोलवायचं की! तुम्हांला काय धड सांगता येतंय?" त्यांनी कोपर फळीवर टेकलं, दम घेतला आणि सांगायला लागल्या. पालखी पाणंदीतून वर येताना ढोल कसे वाजले, पोरांनी ती अंगणात कशी नाचवली, दीर कसे रडले, तांदूळ घालताना आपला हात कसा थरथरला आणि एक दाणासुद्धा खाली सांडला नाही. मध्ये मध्ये धाप लागली की थांबत, हाताने मला थांबा म्हणत आणि पुन्हा तिथूनच सुरू करत. मी पेन खाली ठेवून ऐकलं. सगळं ऐकलं.

"पुढल्या शिमग्याला तुम्ही या, मिस," त्या म्हणाल्या. "तुमच्या धर्मात चालतं ना हो ओटी भरलेली?"

"चालतं."

"मग झालं तर. माझ्या शेजारी उभी करते तुम्हांला. नक्की याल ना?"

दत्ताराम टोपी घालून दाराकडे तोंड करून उभे होते.

"येईन," मी म्हटलं.